जुने कपडे द्यायचे कुठे आणि कसे? वस्तीतल्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शन

वर्षावास संपत आला की विहारात कठिन चीवरदानाची तयारी सुरू होते आणि त्याच सुमारास घरोघरी आवराआवर निघते. कपाटातून दोन-चार गाठोडी बाहेर पडतात. "विहारात नेऊन ठेव, कुणाच्या तरी उपयोगी पडतील," असे म्हणत घरातले कुणीतरी ती विहाराच्या ओट्यावर ठेवून येते. पुढे त्या गाठोड्यांचे काय होते, हे विहाराची किल्ली ज्याच्याकडे असते त्यालाच ठाऊक.

आम्हालाही ते उशिराच कळले. काही वर्षांपूर्वी आम्ही वस्तीत कपडे गोळा करण्याचे आवाहन केले. आठ दिवसांत विहारामागची खोली भरली. उघडून पाहिले तर चेन तुटलेल्या पँटी, नाडी नसलेले परकर, जोडीतला एकच मोजा, न धुतलेल्या चादरी. चांगले कपडे होते, पण तळाशी दबलेले. निवडायला कुणाला वेळ नव्हता. शेवटी सगळे टेम्पोत भरून शहराबाहेरच्या एका वस्तीत नेले आणि रस्त्याच्या कडेला ढीग ओतला. ओढाओढ झाली. आमच्यातल्या एकाने फोटोसाठी मोबाइल वर धरला, तशी ढिगाजवळची एक आजी तोंडावर पदर घेऊन मागे सरली. हातात घेतलेली साडी तिने परत ठेवली आणि ती निघून गेली.

परत येताना टेम्पोत कुणी फारसे बोलले नाही. आम्ही काय चुकलो, हे शोधत पुढची काही वर्षे हे काम केले. त्यातून जे शिकलो ते इथे मांडत आहोत.

हा प्रश्न आपल्यासाठी साधा का नाही

उतरलेले कपडे कुणाला द्यायचे, हा प्रश्न इतरांसाठी कपाट रिकामे करण्याचा असेल. आपल्यासाठी त्यामागे इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महाराचा 'हक्क' समजला जाई. आपल्या पणजोबांनी ते कापड आवडीने घेतले नव्हते. दुसरे मिळू नये अशीच व्यवस्था होती.

म्हणूनच १९२७ च्या महाड परिषदांमध्ये पाण्याच्या हक्काबरोबर राहणीचाही प्रश्न आला. मार्चच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे सोडायला सांगितले. डिसेंबरमध्ये मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर त्यांनी स्त्रियांसमोर केलेल्या भाषणात पेहरावाचा विषय घेतला. लुगडे नेसण्याच्या ज्या तऱ्हेवरून जात ओळखू येते ती तऱ्हा सोडा, कपडा ठिगळाचा असला तरी चालेल पण तो स्वच्छ असू द्या, असा त्या उपदेशाचा आशय होता. बाबासाहेबांचा सूट आपल्या घराघरांतल्या फोटोत आहे, तो हौस म्हणून नाही. अंगावरचा कपडा माणसाची पायरी ठरवतो, हे त्यांना माहीत होते.

आता दुसरी बाजू. भगवान बुद्धांच्या संघात सुरुवातीला भिक्खू पांसुकूल चीवर वापरत. म्हणजे उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून केलेले वस्त्र. मग मनूने लादलेले आणि भिक्खूने घेतलेले यांत फरक काय? फरक निवडीचा आहे. वैद्य जीवकाने तथागतांना उंची वस्त्र अर्पण करून गृहस्थांनी दिलेले चीवर स्वीकारण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती मिळाली आणि ज्याला पांसुकूल हवे त्याने ते वापरावे, ज्याला गृहस्थाने दिलेले हवे त्याने ते घ्यावे, अशी मोकळीक राहिली. विनयपिटकाच्या महावग्गात ही हकिगत आहे. एकच चिंधी. स्वतः निवडली तर तो त्याग, दुसऱ्याने माथी मारली तर ती गुलामी.

यावरून आमची पहिली कसोटी ठरली. ज्या ठिकाणी घेणाऱ्याला निवडता येते आणि नको म्हणता येते, ते ठिकाण चांगले. बाकीच्या गोष्टी त्यानंतर.

देण्याआधी: चार ढीग

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात सत्पुरुषाच्या दानाची लक्षणे दिली आहेत. आदराने देणे, विचारपूर्वक देणे, स्वतःच्या हाताने देणे आणि फेकून देण्याजोगी वस्तू न देणे ही त्यांतली चार. म्हणून गाठोडे घराबाहेर पडण्यापूर्वी घरातच त्याचे चार ढीग करायचे.

*पहिला ढीग: घालण्याजोगे.* हा कपडा मी माझ्या भावाला, बहिणीला घालायला देईन का? उत्तर 'हो' असेल तरच तो इथे. धुतलेला, वाळलेला, घडी केलेला, बटणे आणि चेन शाबूत. सलवार आणि कुर्ता एकत्र बांधलेले, परकरात नाडी ओवलेली, साडीसोबत जमल्यास ब्लाऊज. मुलांच्या कपड्यांवर अंदाजे वयाची चिठ्ठी टाचा.

*दुसरा ढीग: दुरुस्तीचे.* उसवलेली शिवण, तुटलेले बटण, निघालेला काठ. वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना मजुरी देऊन हे दुरुस्त करून घ्यावे. त्यांनी फुकट करावे अशी अपेक्षा नको. वर्गणीतला थोडा भाग त्यासाठीच ठेवावा.

*तिसरा ढीग: कापड म्हणून उपयोगी.* विरलेल्या सुती साड्या, धोतरे, चादरी, ओढण्या. यांची गोधडी होते, झोळी होते, पिशव्या होतात. चुल्लवग्गात राजा उदेन आणि आनंद यांचा संवाद आहे. एवढी चीवरे मिळाली, त्यांचे काय करणार, असे राजा विचारतो. चीवरे जीर्ण झालेल्या भिक्खूंना वाटू, जीर्ण चीवरांच्या चादरी करू, त्या झिजल्या की गाद्यांची खोळ, मग बिछायत, मग पायपुसणे, मग फडके, आणि शेवटी त्या चिंध्या कुटून मातीत कालवून जमीन लिंपू, असे आनंद सांगतात. आपल्या आज्यांनी हे पुस्तकात वाचले नव्हते. लुगड्याची गोधडी, गोधडीचे पोतेरे हा क्रम त्यांच्या घरात रोजचा होता.

*चौथा ढीग: टाकाऊ.* वापरलेली अंतर्वस्त्रे, बुरशी आलेले, तेलकट, कुजलेले. हे दान नाही. ते कचरागाडीतच जायला हवे, तेही वेगळे बांधून. अंतर्वस्त्रांची गरज सगळीकडे असते आणि ती कुणी मागत नाही. द्यायचीच असतील तर नवी विकत घेऊन द्या.

पॉलिस्टर-नायलॉनचे कपडे जाळू नका. त्यातून विषारी धूर निघतो. जिथे चुलीवर स्वयंपाक होतो तिथे नायलॉनच्या साड्या देऊ नका. ठिणगी पडली तर त्या अंगाला चिकटतात.

कुठे द्यावे: पर्याय आणि त्यांची जमेची-उणी बाजू

१. आपला विहार, आपली वस्ती. सर्वांत जवळचा आणि बहुतेक वेळा सर्वांत चांगला पर्याय. अट एकच: विहार गोदाम होता कामा नये. आम्ही एक कपाट, एक नोंदवही आणि महिन्यातला एक रविवार असे ठरवले. कपडे टांगलेले असतात, ज्याला हवे तो पाहून, अंगाला लावून नेतो. नोंदवहीत कपड्यांची संख्या लिहितो, नेणाऱ्याचे नाव लिहीत नाही. तीन महिने कुणी न नेलेला कपडा पुढच्या ठिकाणी जातो.

विहाराच्या कपाटात दोन प्रकारचे कपडे फार चालतात. एक, पौर्णिमेच्या वंदनेसाठी लहान मुलांचे पांढरे कपडे. मुले वर्षभरात वाढतात, कपडा नवाच राहतो. दुसरे, मुलाखतीचे आणि मंगल परिणयाचे कपडे. स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला एका दिवसासाठी कोट हवा असतो. नवरीला नेसायला चांगली पांढरी साडी हवी असते. हे कपडे दान म्हणून न देता पुस्तकासारखे न्यायचे आणि धुऊन परत आणायचे, अशी रीत ठेवली तर घेणाऱ्याला ओझे वाटत नाही.

कठिन चीवरदान मात्र वेगळे. भिक्खू संघाला द्यायचे चीवर आणि आपली गाठोडी यांची गल्लत करू नका. दोन्ही एकाच दिवशी, एकाच मंडपात ठेवू नका.

२. वसतिगृहे, शाळा, अभ्यासिका. शाळेचा गणवेश त्याच शाळेत सर्वांत उपयोगी पडतो. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी मुख्याध्यापकांशी किंवा वर्गशिक्षकांशी बोला आणि वाटप शिक्षकांच्या हातून, गाजावाजा न करता होऊ द्या. वर्गासमोर नावे पुकारून दिलेला गणवेश मूल घालते, पण त्याचे हसू झालेले विसरत नाही. वसतिगृहांना कपड्यांपेक्षा चादरी, पांघरुणे, टॉवेल जास्त लागतात. आधी गृहपालांना विचारा.

३. स्थलांतरित कामगारांची वस्ती. दिवाळीनंतर मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. वसंत ऋतूपर्यंत त्या उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत राहतात. उसाच्या पात्याने हात कापतात म्हणून बाया साडीवर पुरुषांचा लांब बाह्यांचा शर्ट घालतात. तुमच्या कपाटातला कॉलर विरलेला फुल शर्ट ऑफिसला चालत नसेल, पण फडात तो रोजच्या कामाचा आहे. वीटभट्टी आणि बांधकामावरही तसेच. इथे जाड सुती शर्ट, जीन्स, मुलांचे स्वेटर, कानटोप्या न्या. झगमगीत लेहंगे आणि उंच टाचांच्या चपला नेऊ नका. मुकादमाच्या हातात गठ्ठा देऊन परत फिरू नका. संध्याकाळी, काम संपल्यावर, बायकांशी बोलून द्या.

४. बेघर निवारे, वृद्धाश्रम, सरकारी रुग्णालये. शहरातल्या बेघर निवाऱ्यांना बारा महिने कपडे लागतात, विशेषतः पुरुषांचे. वृद्धाश्रमांना पुढून उघडणारे, सैल, सुती कपडे हवे असतात. सरकारी रुग्णालयात खेड्यातून आलेल्या नातेवाइकांना पांघरूण लागते, पण रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना विचारल्याशिवाय वॉर्डात काही वाटू नका. संसर्गाचा प्रश्न असतो.

५. मोठ्या संस्था. जवळपास गरज भागली आणि तरी कपडे उरले, तर ते दूर पोहोचवणारी यंत्रणा असलेल्या संस्थेकडे द्यावेत. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली 'गूंज' ही त्यांतली सर्वांत परिचित. गुप्ता यांना २०१५ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावकऱ्यांनी गावाचे काम स्वतः ठरवायचे, विहीर, रस्ता, बांध असे काही श्रमातून उभे करायचे, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे व इतर वस्तू घ्यायच्या, ही त्यांची पद्धत. कपडा भीक म्हणून येत नाही, कष्टाची कमाई म्हणून येतो. जुन्या सुती कापडाचे निवडून, धुऊन पाळीसाठीचे पॅडही तिथे केले जातात. या पद्धतीवर आपल्यात वाद होऊ शकतो. श्रमाचा मोबदला पैशांतच मिळायला हवा, असे म्हणणारे आमच्यातही आहेत. तो मुद्दा बरोबर आहे. तरीही घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देणे, एवढे तिथून शिकण्यासारखे आहे.

६. माणुसकीची भिंत. राज्यातल्या अनेक शहरांत ही कल्पना रुजली आहे. नको असेल ते ठेवा, हवे असेल ते न्या. कुणी कुणाला दिले हे कळत नाही, ही तिची मोठी ताकद. पण रोज आवरणारे माणूस नसेल तर पंधरा दिवसांत भिंतीखाली उकिरडा होतो, आणि पावसात भिजलेले कपडे शेवटी सफाई कामगाराला उचलावे लागतात. तो सफाई कामगार बहुतेक वेळा आपल्याच समाजातला असतो. भिंत सुरू करायची असेल तर वर छप्पर, जवळ एक जबाबदार माणूस आणि पावसाळ्यात बंद, हे तीन नियम ठेवा.

७. बोहारीण आणि कचरावेचक ताई. हे दान नाही, पण पर्याय म्हणून याचा विचार करायलाच हवा. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण ते कपडे निवडते, दुरुस्त करते आणि जुन्या बाजारात विकते. त्यावर तिचे घर चालते. विकत घेणारा मजूरही स्वतःच्या पैशाने, घासाघीस करून, पसंत पडेल ते घेतो. आमच्या कसोटीवर, म्हणजे निवडीच्या कसोटीवर, हा जुना बाजार पुष्कळ दानवाटपांपेक्षा वरचढ ठरतो. एका पातेल्यासाठी तिच्याशी तासभर हुज्जत घालू नका, एवढेच.

पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. सदस्यांत दलित स्त्रियांची संख्या मोठी आहे. तुमच्या शहरात अशी संघटना असेल तर जुने कापड त्यांच्यामार्फत द्या. अगदी चिंध्याही वाया जात नाहीत. हरियाणातल्या पानिपतमध्ये जुन्या लोकरी कपड्यांचे धागे काढून पुन्हा सूत काततात, आणि आपत्तीत वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटे त्या सुताचीही असतात.

पूर आला की काय करू नये

पूर किंवा भूकंपाची बातमी आली की पहिल्याच दिवशी आपण कपडे गोळा करायला धावतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. मच्छीमारांनी ते उचलले नाहीत. कोळी माणूस कष्ट करून खाणारा, दुसऱ्याच्या उतरलेल्या कपड्यांच्या ढिगात हात का घालील? शिवाय ते कपडे त्यांच्या कामाचे नव्हतेच.

पहिल्या आठवड्यात कोरडे अन्न, पाणी, औषधे, नवी अंतर्वस्त्रे, पॅड, चादरी आणि पैसे लागतात. जुने कपडे द्यायचेच असतील तर पंधरा दिवसांनी, तिथल्या कार्यकर्त्यांनी यादी दिल्यावर. आणि एक गोष्ट आपल्यालाच लक्षात ठेवावी लागते. मदतीच्या रांगेत दलित वस्ती बहुतेक शेवटी असते. गाडी मुख्य रस्त्यावर रिकामी होते आणि गावकुसाबाहेर पोहोचतच नाही. म्हणून आपली गाडी तिथपर्यंत गेली पाहिजे, आणि तिथे पोहोचल्यावर जात न विचारता दिली पाहिजे.

ठिकाण निवडण्यापूर्वी विचारायचे सहा प्रश्न

१. तुम्हाला नेमके काय हवे आहे आणि काय नको? (ज्याला 'काहीही चालेल' एवढेच सांगता येते, त्याला पुढचे प्रश्न जास्त बारकाईने विचारा.)

२. कपडे घेणारी माणसे कोण? ती स्वतः निवडतात की तुम्ही हातात देता?

३. उरलेल्या, न चालणाऱ्या कपड्यांचे काय करता? विकत असाल तर पैसे कुठे जातात? (विकणे गैर नाही. लपवणे गैर आहे.)

४. वाटपाच्या वेळी फोटो काढता का? कुणाचे बॅनर लावता का?

५. कपडे देण्याच्या बदल्यात कुणाला सभेला, प्रार्थनेला, मतदानाला यायला सांगता का?

६. आम्ही एक दिवस सोबत येऊन काम करू शकतो का?

सहाव्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत जास्त सांगून जाते. ज्यांचे काम सरळ आहे ते 'या' म्हणतात.

वाटपाची रीत

ढीग ओतू नका. दोरीवर टांगा किंवा टेबलावर मापाप्रमाणे मांडा. बायकांचे कपडे बायकांनीच दाखवावेत. घालून पाहायला आडोसा करा. एकाला किती, हे आधी ठरवून सर्वांना सांगा, म्हणजे ओढाओढ होत नाही. फोटो फक्त मांडलेल्या कपड्यांचा आणि काम करणाऱ्या आपल्या पोरांचा. घेणाऱ्याचा चेहरा नाही, पाठमोरा सुद्धा नाही. हिशेब दाखवायचा असेल तर आकडे लिहा.

वेळही पाहा. स्वेटर आणि पांघरुणे नोव्हेंबरात पोहोचली तर थंडी भागते, फेब्रुवारीत पोहोचली तर फक्त आपले कपाट रिकामे होते. गणवेश मे महिन्यात, रेनकोट मृगाच्या आधी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लांबून आलेली माणसे शिवाजी पार्कात रात्र काढतात. तिथे कपड्यांचे वाटप करण्यापेक्षा चादरी आणि सतरंज्या वापरायला देऊन सकाळी परत घेणे जास्त उपयोगाचे.

एक नवा कपडा

अट्ठकथेत देणाऱ्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. स्वतः चांगले वापरून दुसऱ्याला हलके देणारा तो दानाचा दास, स्वतः वापरतो तसेच देणारा तो दानाचा मित्र, आणि आपल्यापेक्षा चांगले देणारा तो दानाचा स्वामी. जुने कपडे देताना आपण पहिल्या पायरीवर असतो, हे मान्य करायला हरकत नाही. पण तिथेच थांबू नये.

चळवळीत 'एक वही, एक पेन' हा उपक्रम रुजला, कारण त्यात नवी वही आणि नवे पेन होते. अभिवादनाला येताना हारफुलांऐवजी ते आणायचे, इतकी ती साधी गोष्ट होती. आम्ही कपड्यांसाठीही तसाच नियम केला आहे. दहा जुन्या कपड्यांमागे एक नवा. टॉवेल असो, बनियन असो, मुलीचा फ्रॉक असो. सगळ्यांना परवडत नाही, म्हणून चार घरे मिळून एक घेतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्याच शहराबाहेरच्या वस्तीत गेलो. या वेळी दोरी बांधली, साड्या टांगल्या, आमच्या ताया पुढे उभ्या राहिल्या. एका बाईने तीन साड्या अंगाला लावून पाहिल्या, तिन्ही परत टांगल्या आणि म्हणाली, "रंग नाही आवडला. पुढच्या वेळी हिरव्यातली आणा." आमच्या मागे उभा असलेला एक पोरगा कुजबुजला, "फुकट मिळतेय तरी नखरे." त्याला आम्ही बाजूला घेऊन सांगितले, की आपण इथे आलो ते नेमके यासाठीच.

पुढच्या खेपेला हिरवी साडी न्यायची, असे नोंदवहीत लिहून ठेवले आहे.

जयभीम, नमो बुद्धाय.